हेल्मेटचा वाद ग्रुपवर, धोका डाव्या कडेला

पत्र (संक्षिप्त करून):

मी कोथरूडला राहते, ऑफिस बाणेरला आहे. पोहोचायला साधारण दहा किलोमीटर. स्कूटर सोडून सायकलने जायचं ठरवलं आणि एक हायब्रिड सायकल घेतली: मॅट काळी, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. दुकानदार म्हणाला, ‘मॅडम, क्लीन लुक आहे.’ सोसायटीच्या सायकल ग्रुपवर विचारलं की रोजच्या प्रवासासाठी आणखी काय लागेल, तर चर्चा लगेच हेल्मेटवर गेली आणि तिथेच पेटली. एकजण म्हणतो हेल्मेट नसेल तर घराबाहेर पडू नका. दुसरा म्हणतो नेदरलँड्समध्ये कुणी घालत नाही, उलट हेल्मेट दिसलं की गाड्या जवळून जातात असं संशोधन आहे. दिवा लुकलुकता ठेवावा की स्थिर, यावरही दोन तट. सायकल ट्रॅक असेल तिथे ट्रॅकवरूनच जायचं का? सहकारी म्हणतात रोजचा व्हिडिओ टाक, लोकांना प्रेरणा मिळेल. घरचे म्हणतात, एवढी जोखीम कशाला? नक्की कुणाचं ऐकू?
– बाणेरची वाटसरू, कोथरूड

उत्तर:

हेल्मेट घ्या, रोज घाला, आणि ग्रुपवर तो विषय पुन्हा काढू नका. तुमच्या ग्रुपवरचे दोन्ही पक्ष खरी माहिती सांगताहेत, फक्त तिचा अर्थ दोघांनी आपापल्या सोयीने लावला आहे.

गाड्या जवळून जाण्याचा प्रयोग खरा आहे. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या इयन वॉकर यांनी सायकलला अंतर मोजणारं यंत्र बसवून स्वतः रस्त्यावर चालवली आणि दोन हजारांहून अधिक ओव्हरटेक नोंदवले. हेल्मेट घातलेलं असताना गाड्या सरासरी ८.५ सेंटिमीटर जवळून गेल्या. हे २००७ साली छापून आलं. २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि म्हटलं की एक मीटरच्या आतून जाणाऱ्या, म्हणजे खरोखर धोक्याच्या, गाड्यांशी हेल्मेटचा संबंध दिसत नाही. ग्रुपवर पहिली बातमी फिरते, दुसरी फिरत नाही. दुसरीकडे, ४० अभ्यासांतल्या ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती एकत्र केली तेव्हा हेल्मेट घातलेल्यांत डोक्याला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी निघाली. ८.५ सेंटिमीटरसाठी हे सोडून देण्यात हशील नाही.

पण हेल्मेट कशासाठी बनवतात तेही पाहा. युरोपच्या ईएन १०७८ या मानकात ते सुमारे दीड मीटर उंचीवरून लोखंडी ऐरणीवर आपटून तपासतात, म्हणजे ताशी २० किलोमीटरच्या आसपासचा आघात. खड्ड्यात चाक अडकून तुम्ही आडव्या झालात, चेंबरच्या झाकणावर घसरलात, तर ते काम करतं. डंपरच्या चाकाशी त्याचा संबंध नाही. म्हणून ‘हेल्मेट घेतलं, आता मी सुरक्षित’ हा हिशेब चुकतो. घेताना आत ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं मानक सीपीएससी लिहिलेलं बघा. दुचाकीचं आयएसआय हेल्मेट सायकलवर चढाला घामाने नको होतं. पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर, दोन्ही पट्टे कानाखाली जुळलेले, हनुवटीखाली एक बोट जाईल इतकंच ढिलं. कपाळ उघडं टाकून मागे सरकवलेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं आणि पुढे पडल्यावर उपयोगाचं नसतं. एकदा जोरात आपटलं की आतला थर्माकोलसारखा फोम दबून बसतो, तो पुन्हा फुगत नाही. बाहेरून चरा दिसत नसला तरी बदला.

नेदरलँड्सच्या उदाहरणाचं उत्तर एवढंच की तिथल्या माणसांच्या डोक्याकडे पाहण्याआधी तिथला रस्ता पाहा. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं मेली, त्यांत शेकडो मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, आणि पुढची कित्येक दशकं तिथे वेगळे मार्ग, वळणावरचे उंचवटे, वस्तीत ताशी ३० ची मर्यादा हे सगळं बांधलं गेलं. उघडं डोकं हा त्या बांधकामाचा परिणाम आहे. बाणेर रस्त्यावर ते बांधकाम नाही.

मग ग्रुपवर हेल्मेटच का पेटतं? कारण ते फोटोत दिसतं. अपघाताची बातमी आली की पहिली कॉमेंट ‘हेल्मेट होतं का?’ अशी येते. सायकलस्वार बसच्या कुठल्या बाजूला होता, हे कुणी विचारत नाही, कारण फोटोवरून ते कळत नाही. तुम्हाला मात्र रोज तोच प्रश्न सोडवायचा आहे, म्हणून तिथे जास्त वेळ देतो.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे सिग्नलला थांबलेल्या बस, ट्रक, काँक्रीट मिक्सर किंवा डंपरची डावी बाजू. फुटपाथ आणि बस यांच्यामध्ये मीटरभर फट दिसते आणि सायकल तिथे सहज मावते. ती फट सापळा आहे. मोठी गाडी डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत येतात. बघता बघता फट बंद होते. ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसलेला, त्याला डाव्या पुढच्या कोपऱ्याजवळची सायकल दिसतच नाही. इंडिकेटर लावलेला नाही म्हणजे तो सरळ जाणार, असंही समजू नका. तेव्हा मोठ्या गाडीच्या मागे, लेनच्या मध्यावर थांबा. आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. या एका सवयीने जेवढा धोका टळतो तेवढा कुठल्याही खरेदीने टळणार नाही.

बसथांब्यावर हेच. बस कडेला घेत असेल तर तिच्या आणि थांब्याच्या मधून जाऊ नका, लोक मागे न बघता उतरतात. मागे थांबा, किंवा आरसा आणि मान दोन्ही वळवून मोकळं असेल तरच उजवीकडून जा. आरसा लागेलच, हँडलच्या उजव्या टोकाला बसणारा छोटा गोल पुरे.

चालत्या रस्त्यावर कडेपासून किती अंतर ठेवायचं? नवखी माणसं भीतीने अगदी कडेला चिकटतात, तिथे गटाराच्या जाळ्या, वाळू, फुटलेल्या काचा आणि डांबराची तुटलेली धार असते. काही चुकवायला जागा उरत नाही, आणि मागच्याला वाटतं त्याच लेनमधून पुढे निघता येईल. पाऊण ते एक मीटर आत चालवा. रस्ता अरुंद होतो तिथे, पुलावर, मेट्रोच्या कामाभोवती लावलेल्या पत्र्यांमधून जाताना, मागे बघून हात दाखवून थेट लेनच्या मध्यावर या आणि रुंद झाल्यावर परत कडेला जा. वॉकर यांच्याच प्रयोगात, कडेपासून आत चालवलं की गाड्या थोड्या जवळून जातात असंही दिसलं होतं. ते मान्य करूनही आतच चालवा, कारण तेव्हा तुमच्या डावीकडे सरकायला मीटरभर जागा शिल्लक असते. कडेला असताना ती शून्य.

उभ्या गाड्यांच्या ओळीपासून मात्र सव्वा मीटर. कारचं दार उघडल्यावर जवळजवळ मीटरभर बाहेर येतं. ताशी २० च्या वेगाला तुम्ही सेकंदाला साडेपाच मीटर जाता. दार दिसून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत एक सेकंद जातो, पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी सुमारे चार मीटर लागतात. एकूण साडेनऊ. ओल्या रस्त्यावर बारा. दोन गाड्यांपलीकडचं दार अचानक उघडलं तर ब्रेकने काम होत नाही, अंतरानेच होतं. (घरच्यांना एक सांगून ठेवा: कारचं उजवं दार डाव्या हाताने उघडायचं. अंग आपोआप वळतं आणि मागे नजर जाते. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये २०२२ पासून हेच सुचवलेलं आहे.) सिग्नलला थांबलेल्या रिक्षांतून डावीकडे उतरणारे प्रवासीही याच यादीत.

कडेने समोरून राँग साइड दुचाकी आली तर तिला वाट द्यायला झटकन उजवीकडे जाऊ नका, मागून काय येतंय ते तुम्हाला त्या क्षणी माहीत नसतं. वेग कमी करा, आरसा बघा, जागा नसेल तर थांबा. रागाचे चार शब्द नंतर.

मोठ्या चौकात उजवीकडे वळायचं असेल तर तीन लेन कापत मध्यावर जाण्याचा हट्ट नको. हिरव्यावर सरळ पलीकडे जा, तिथल्या डाव्या कोपऱ्यात सायकल वळवून उभी करा आणि त्या रस्त्याच्या हिरव्यावर निघा. एक सिग्नल जास्त लागतो, बास.

आणि मार्ग किलोमीटरने निवडू नका. नकाशावर मोजायचे ते डावीकडे फुटणारे रस्ते, पेट्रोल पंप, बसथांबे आणि पुलांचे रॅम्प. सेनापती बापट रस्त्यासारखा चढ-उताराचा मुख्य रस्ता टाळून सोसायट्यांमधून दोन किलोमीटर जास्त पडत असतील तर पडू द्या. रविवारी सकाळी घरच्यांपैकी कुणाला सोबत घेऊन एकदा जाऊन या. त्यांची काळजी सरसकट असते, रस्ता पाहिल्यावर ती ‘या चौकात उतरून चालत जा’ इतकी नेमकी होते.

आता तुमच्या ‘क्लीन लुक’बद्दल. सायकलीच्या डिझाइनमध्ये सध्या जे काढून टाकलं जातं, ते बहुतेक रोजच्या प्रवासाला लागणारंच असतं: मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, पेडलवरचे रिफ्लेक्टर. मॅट काळा रंग शोरूमच्या दिव्याखाली देखणा, संध्याकाळी सात वाजता अदृश्य. सायकल परत करायची गरज नाही, भर घाला.

मडगार्ड पूर्ण लांबीची घ्या. सीटखाली चिकटणारी चिमुकली पट्टी म्हणजे नुसती सजावट. टायर ३५ मिलिमीटरचा असेल तर मडगार्ड ४५ च्या आसपास रुंद हवं आणि टायरपासून सात-आठ मिलिमीटर अंतर, नाहीतर पावसाळ्यात मातीचा गोळा अडकून चाक जाम होतं. मडगार्ड कपड्यांसाठी असतं असा समज आहे. ते दिव्यासाठीही असतं: मागच्या चाकाने उडवलेला चिखल थेट लाल दिव्यावर बसतो आणि तुम्हाला पत्ताच नसतो. कॅरिअर बसवलं की मागचा दिवा त्याच्या शेवटच्या पट्टीवर न्या. त्यासाठी तिथे ५० किंवा ८० मिलिमीटर अंतराची दोन भोकं बहुधा असतातच. सीटच्या दांड्यावरचा दिवा बॅगेने किंवा रेनकोटच्या मागच्या पदराने झाकला जातो. ओढणी बॅगेत, उजव्या पायाच्या घोट्याला पट्टी, कारण चेन उजवीकडे.

दिव्यांच्या वादात माझं मत स्पष्ट आहे: अंधारात पुढचा दिवा स्थिर. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष जातं हे खरं, पण तो किती लांब आहे आणि किती वेगाने येतोय हे डोळ्याला ठरवता येत नाही. जर्मनीत सायकलवर लुकलुकत्या दिव्याला कायद्यानेच मनाई आहे. मागे एक स्थिर लाल दिवा ठेवा. हौस असेल तर त्याच्या जोडीला बारीक लुकलुकता चालेल. दिवसा, धुक्यात किंवा भर पावसात लुकलुकता ठेवायला हरकत नाही. रस्त्यावर खांबांचे दिवे असतील तर २०० ते ४०० ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप, खोक्यावर लिहिलेलं असतं) भरपूर होतात. रील्समध्ये दाखवतात ते हजाराच्या पुढचे टॉर्च समोरच्याला आंधळं करतात, आणि आंधळा झालेला दुचाकीवाला तुमच्याच दिशेने येत असतो.

दिव्याचा कोन असा लावा: सायकल भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा. दिवा जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवरच्या उजेडाचा मध्य ४५ वर पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो बरोबर दहा मीटरवर टेकतो. खड्ड्यांनी क्लॅम्प हळूहळू वर किंवा खाली फिरतो, म्हणून आठवड्याला एकदा बघा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर नीट दाबलेलं नसेल तर पहिल्या पावसातच दिवा मरतो.

पोपटी फ्लोरोसंट जॅकेट रात्रीसाठी घेऊ नका. तो रंग सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांवर झळकतो, रस्त्यावरच्या दिव्याखाली तो साधा फिकट कपडा असतो. रात्री लागते ती हेडलाइटचा प्रकाश आला त्याच दिशेला परत फेकणारी चंदेरी पट्टी, आणि तीही हलणाऱ्या अवयवांवर. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये रात्री बंद रस्त्यावर चाचणी झाली: फ्लोरोसंट जॅकेटमधला सायकलस्वार ड्रायव्हरांनी १५ टक्के वेळा ओळखला, रिफ्लेक्टिव्ह जॅकेटमधला ५० टक्के, आणि त्या जॅकेटला घोट्यांवर व गुडघ्यांवर पट्ट्या जोडल्यावर ९० टक्के. वर-खाली होणारे दोन पाय दिसले की मेंदू लगेच ‘माणूस’ म्हणतो. तेव्हा घोट्याच्या दोन पट्ट्या, पेडलच्या कडेला आणि क्रँकवर (पेडल ज्याला बसवतात तो दांडा) पिवळी टेप, मागच्या दांड्यांवर लाल, पुढच्या चिमट्यावर पांढरी. काळ्या सायकलचा क्लीन लुक दिवसा तसाच राहतो.

ब्रेक आणि हवा थोडक्यात. आपल्याकडे बहुतेक सायकलींवर पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, खात्री करून घ्या, कारण थांबवण्याचं मुख्य काम तोच करतो. लिव्हर हँडलला टेकता कामा नये. ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पुसल्या गेल्या की रबर बदला. रिमवर ब्रेक असेल तर पावसात चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यातच जातात, आधी हलकं दाबून ठेवा. हवा ३५ च्या टायरला साधारण ५० ते ६० पीएसआय, मागे थोडी जास्त, पावसाळ्यात दोन्हीकडे थोडी कमी. पेट्रोल पंपावर भरताना जपून, ट्यूब क्षणात फुगून फुटते. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं आणि मेट्रोच्या कामावरच्या प्लेट्स ओल्या असताना सरळ ओलांडा. त्यांच्यावर वळू नका, ब्रेकही नको.

ट्रॅकचं काय? पुण्यात बीआरटीच्या (बससाठी वेगळ्या मार्गिकांच्या) काळापासून ट्रॅक बांधले गेले, डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला, आणि तरी जमिनीवर जे आहे ते तुकड्यांत आहे. प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न विचारा. काही शे मीटर अखंड आहे का? संपतो तिथे रस्त्यावर उतरायला शांत जागा आहे, की पुलाच्या रॅम्पच्या तोंडाशी सोडून देतो? पेव्हर ब्लॉक, उभ्या गाड्या आणि लोखंडी खांब यांतून निदान १२ च्या वेगाने जाता येतं का? तिन्हींना हो असेल तर ट्रॅक. नाहीतर रस्ता, मघाच्या पाऊण-एक मीटरच्या हिशेबाने. आणि ट्रॅकवर असताना प्रत्येक गल्लीच्या आणि सोसायटीच्या तोंडाशी वेग कमी. डावीकडे वळणारा चालक फुटपाथच्या बाजूने कुणी वेगात येईल अशी अपेक्षाच करत नाही.

व्हिडिओ टाकायचा तर टाका, पण कॅमेरा काय करतो ते माहीत असू द्या. ॲक्शन कॅमेऱ्याची रुंद लेन्स सगळं लांब ढकलते. कोपराला चाटून गेलेली बस पडद्यावर ऐसपैस अंतरावरून गेल्यासारखी दिसते, आणि खाली कॉमेंट येते, ‘एवढी जागा होती की!’ त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही, त्यांनी पाहिलं त्यात खरंच जागा होती. गाडीचा नंबर आणि चेहरे पुसून टाका, कारवाई हवी असेल तर न पुसलेली प्रत वाहतूक पोलिसांकडे द्या. सायकलचा मार्ग आणि वेळ नोंदवणारं स्ट्रावा ॲप वापरत असाल तर घर आणि ऑफिसभोवतीचा भाग लपवण्याची सोय चालू करा. २०१८ च्या जानेवारीत याच ॲपच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांच्या आतले धावण्याचे रस्ते उमटलेले सापडले होते, तुमची सोसायटी आणि तुमची रोजची वेळ त्यापुढे सोपी आहे. आणि उतारावरच्या सेगमेंटच्या (ॲपवर ज्या टप्प्यात लोक एकमेकांच्या वेळेशी स्पर्धा करतात त्याच्या) वेळा बघणं ऑफिसच्या वाटेवर बंद.

प्रेरणेपेक्षा उपयोगाची पोस्ट सुचवतो. रोजच्या वाटेवर गटाराची एक तरी जाळी अशी असेल की तिच्या फटी तुमच्या जाण्याच्याच दिशेने आहेत आणि टायर आत जाईल इतक्या रुंद आहेत. फटीवर मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जवळच्या दुकानाची किंवा विजेच्या खांबाची खूण लिहा, महापालिकेच्या तक्रार पोर्टलवर टाका. मागणी नेमकी करा: जाळी चौरस असेल तर काढून आडवी फिरवून बसवा, आयताकृती असेल तर दर दहा सेंटिमीटरवर आडवी पट्टी वेल्ड करा. मग तक्रार क्रमांक त्या ग्रुपवर टाका आणि ज्यांनी हेल्मेटवर पानंच्या पानं लिहिली, त्यांना त्याच जाळीची आपापली तक्रार नोंदवायला सांगा.